ई-फायलिंग क्रमांक म्हणजे खटल्याचा क्रमांक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे जिल्ह्यातल्या न्यायालयांत दावा, फौजदारी तक्रार, कैफियत (दाव्याला प्रतिवादीने दिलेले लेखी उत्तर), वकीलपत्र किंवा किरकोळ अर्ज ऑनलाइन दाखल करण्याची पद्धत आता बऱ्यापैकी रुळली आहे. न्यायालयांचे कामकाज संगणकावर आणणाऱ्या ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. हे काम आता मागे फिरणार नाही आणि फिरूही नये. पण पक्षकारांमध्ये, आणि नव्याने सनद घेतलेल्या वकिलांमध्येही, एक गैरसमज पसरला आहे. त्याने लोकांचे हक्क बुडू शकतात, म्हणून हे पत्र.

पोर्टलवर शेवटचे बटण दाबले की स्क्रीनवर ई-फायलिंग क्रमांक येतो. तो खटल्याचा क्रमांक नव्हे. कागद न्यायालयाच्या दारापर्यंत गेले, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर ते प्रकरण 'पेंडिंग अ‍ॅक्सेप्टन्स' या रकान्यात जाऊन बसते. दाखल विभागातला लिपिक ते उघडून पाहतो. मोठी चूक दिसली तर ते 'नॉट अ‍ॅक्सेप्टेड' होऊन परत येते. स्वीकारले तर फायलिंग क्रमांक आणि सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मिळतो, मग छाननी होते. छाननीत हरकत निघाली की प्रकरण 'डिफेक्टिव्ह केसेस'मध्ये, आणि फी कमी पडली की 'डेफिसिट कोर्ट फी'मध्ये. हे सगळे पार पडल्यावर नोंदणी क्रमांक पडतो, न्यायालय ठरते, तारीख मिळते आणि मग प्रकरण बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, येते. पक्षकाराला मात्र पहिल्या दिवशीच 'केस दाखल झाली' असे सांगितले जाते, आणि तो निर्धास्त होतो.

चेक न वटल्याच्या तक्रारींत याची झळ सर्वात जास्त बसते. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर पैसे द्यायला पंधरा दिवस, आणि ते उलटल्यावर तक्रारीसाठी एक महिना, असा परक्राम्य संलेख अधिनियमाचा हिशेब आहे. समजा, महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्री साडेदहाला तक्रार अपलोड केली, आणि चार दिवसांनी ती सूचीचे पान नाही म्हणून परत आली. आता दाखल दिनांक कोणता? पहिल्या रात्रीचा, की दुरुस्त करून पुन्हा पाठवल्याचा? आरोपीचे वकील पहिल्याच तारखेला हा मुद्दा काढतात. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण जो विलंब झालाच नाही त्याची माफी मागत बसायची वेळ का यावी?

म्हणून दोन गोष्टी पाळाव्यात. एक, पोर्टलवरची पोच, त्यावरची तारीख-वेळ आणि आलेला ई-मेल यांची पीडीएफ त्याच वेळी जपून ठेवावी. मोबाइलवर आलेला एसएमएस पुढे सापडेलच असे नाही. दोन, प्रकरण परत आले तर नवा मसुदा उघडू नये. परत आलेल्याच नोंदीत दुरुस्ती करून ती पुन्हा पाठवावी, म्हणजे पहिल्या दिवसाचा इतिहास शिल्लक राहतो. घाईत नवी नोंद केली की आधीची तारीख हातची जाते, शिवाय एकाच वादाच्या दोन नोंदी दिसतात आणि त्याचा खुलासा वेगळा करावा लागतो.

प्रकरण परत का येते? पहिले कारण म्हणजे न्यायालयाची निवड चुकणे. नवी मुंबई एक शहर वाटले तरी न्यायालयांच्या दृष्टीने ते दोन जिल्ह्यांत विभागले आहे. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हा भाग रायगड जिल्ह्यात. पोर्टलवर आधी राज्य, मग जिल्हा, मग न्यायालयाचे आस्थापन निवडावे लागते. खारघरच्या माणसाने पत्त्यात 'नवी मुंबई' लिहिले म्हणून ठाणे जिल्हा निवडला, तर पुढचे सगळे श्रम वाया जातात. शिवाय बेलापूरच्या न्यायालयाला जुने लोक अजून 'वाशी कोर्ट' म्हणतात, त्यामुळे यादीत कोणते नाव धरायचे यात माणूस अडखळतो. चेकच्या प्रकरणात तर राहण्याचा पत्ता पाहायचाच नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, खात्यात भरलेल्या चेकसाठी, तक्रारदाराचे खाते ज्या शाखेत असेल त्या शाखेच्या हद्दीतल्या न्यायालयात तक्रार करायची असते. राहणे नेरुळला आणि खाते खारघरच्या शाखेत असेल तर जायचे पनवेलला. खात्याची शाखा पासबुकावरून तपासूनच जिल्हा निवडावा.

दुसरे कारण स्कॅनिंग. हे काम बहुतेक ठिकाणी सर्वात कनिष्ठ माणसावर टाकले जाते, आणि सर्वाधिक हरकती त्यातूनच निघतात. ए४ आकार, ३०० डीपीआय, काळे-पांढरे, हे प्रमाण धरावे. रंगीत स्कॅन फक्त फोटो, नकाशा आणि रंगीत शेरे असलेल्या कागदांपुरता. रंगीत स्कॅन केलेले एक पान एक एमबीपर्यंत सहज जाते, तेच काळ्या-पांढऱ्यात ५० ते १०० केबीत बसते. दीडशे पानांच्या दाव्यात हा फरक फार मोठा होतो. मोबाइलने फोटो काढून केलेली पीडीएफ शक्यतो टाळावीच, कारण पानाच्या कडा तिरक्या येतात, सावली पडते, आणि अक्षरओळख करणारे सॉफ्टवेअर तिथे हार मानते. पोर्टलवर चढवायची पीडीएफ शोधता येण्याजोगी हवी, म्हणजे तिच्यात शब्द टाइप करून शोधला तर सापडला पाहिजे.

कागदाची मागची बाजू स्कॅन करायला लोक विसरतात. मुद्रांकाच्या मागे विक्रेत्याची नोंद असते, नोटरीचा शिक्का आणि नोंदवहीचा क्रमांक कधीकधी मागे असतो, चेकच्या मागे बँकेचे शिक्के असतात. हे आले नाही तर हरकत निघते, आणि ती योग्यच असते. वकीलपत्रावर वकील कल्याण निधीचे तिकीट आणि कोर्ट फी तिकीट आधी चिकटवावे, मग स्कॅन करावे. तिकीट नंतर लावू म्हणून कोरे वकीलपत्र चढवले की अपलोड केलेली प्रत आणि खिडकीवर दिलेली प्रत जुळत नाही.

पृष्ठांकन दाव्याच्या पहिल्या पानापासून शेवटच्या दस्तऐवजापर्यंत सलग हवे आणि ते सूचीशी जुळायला हवे. कागदयादीत 'विक्री करार, पान ३१ ते ४४' लिहिले आणि मधे एक पान वाढले की पुढची सगळी यादी चुकते. म्हणून पृष्ठांकन सर्वात शेवटी करावे. सही झाल्यावर एखादे पान बदलले असेल तर त्यावर पक्षकाराची सही पुन्हा घ्यावी आणि सत्यापनाची तारीख तपासावी. दाव्यापेक्षा आधीच्या तारखेचे प्रतिज्ञापत्र हा दोष पाहताक्षणी पकडला जातो.

डिजिटल कागदांची गत उलटी आहे. महाभूमी संकेतस्थळावरून काढलेल्या सातबाऱ्यावर डिजिटल सही असते. तो छापून, पुन्हा स्कॅन करून चढवला की सहीचे फक्त चित्र उरते, सही उरत नाही. मूळ पीडीएफच वेगळा दस्तऐवज म्हणून जोडावी. ती इतर पानांत मिसळली तरी सही तुटते, कारण फाइल बदलली की पडताळणी होत नाही. बँकेचे ई-मेलने आलेले खातेउतारे आणि ई-आधार यांना पासवर्ड असतो. तो काढल्याशिवाय लिपिकाला ते उघडताच येत नाहीत, आणि प्रकरण परत येते. आधार जोडायचेच असेल तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत जोडावी. दाव्याची प्रत प्रतिवादीला जाते, नक्कल काढणाऱ्याच्या हाती पडते. एखाद्याचा पूर्ण आधार क्रमांक असा फिरत राहणे योग्य नाही.

मराठी कागदांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. पण ठाण्याच्या कोर्ट नाक्यापासून बेलापूरपर्यंत टायपिंगच्या दुकानांत अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये काम चालते. छापलेले पान देखणे दिसते. त्याच फाइलची पीडीएफ करून त्यात वादीचे नाव शोधले तर सापडत नाही, आणि मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला तर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. पोर्टलच्या रकान्यांत हा मजकूर जात नाही, त्यामुळे नावे पुन्हा हाताने टाइप करावी लागतात आणि तिथे ऱ्हस्व-दीर्घाच्या व स्पेलिंगच्या चुका शिरतात. नावाच्या रकान्यात 'श्री', 'सौ.', 'मेसर्स' घातले की पुढे पक्षकाराच्या नावावरून खटला शोधताना तो सापडत नाही. टायपिंगवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी त्या कळफलकावर आयुष्य घालवले आहे. वकील संघांनी त्यांच्यासाठी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक) यांचे वर्ग घ्यावेत, जुने मसुदे बदलून द्यावेत. मराठीतली नोंद शोधता आली नाही तर ती न्यायालयाच्या भाषेत असूनही पक्षकाराच्या उपयोगी पडणार नाही.

कोर्ट फी राज्य शासनाच्या ग्रास या भरणा प्रणालीतून ऑनलाइन भरता येते. चलन करताना विभाग, कार्यालय आणि पक्षकाराचे नाव तीनदा तपासावे. ठाण्याऐवजी दुसऱ्या जिल्ह्याचे कार्यालय निवडले गेले तर पैसे सरकारजमा होतात, पण आपल्या प्रकरणाला लागत नाहीत. परतावा मागायचा आणि तोवर फी पुन्हा भरायची, असा दुहेरी भुर्दंड पडतो. एमएच या अक्षरांनी सुरू होणारा जीआरएन, म्हणजे चलनाचा क्रमांक, पोर्टलवर अचूक भरावा. न्यायालयाने ते चलन डिफेस केल्यावरच (ते पुन्हा वापरता येणार नाही अशी नोंद केल्यावरच) फी वापरली गेली असे धरले जाते. चलनाची प्रत फेकू नये: पुढे लोकअदालतीत तडजोड झाली तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम २१ नुसार फी परत मिळते, तेव्हा ती मागितली जाते. महिला पक्षकारांना पोटगी, मालमत्तेचा वाद, अत्याचार, घटस्फोट अशा प्रकरणांत १९९४ च्या अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. पण फीच्या रकान्यात शून्य दिसले की प्रकरण 'डेफिसिट'मध्ये ढकलले जाऊ शकते. अशा वेळी अधिसूचनेचा उल्लेख असलेली एक पानाची पुरशीस (न्यायालयाला माहिती देणारे लेखी निवेदन) सुरुवातीलाच जोडावी.

आणखी एक नवे कलम लक्षात घ्यायला हवे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. व्हॉट्सअ‍ॅप संभाषण, सीसीटीव्ही, कॉल रेकॉर्डिंग किंवा ई-मेल दाखल करताना कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दोन भाग आहेत: भाग अ पक्षकाराने द्यायचा, भाग ब तज्ज्ञाने. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चा एका पानाचा मसुदा आजही सर्रास जोडला जातो. तो पुरत नाही. नव्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने निघणारा ओळखीचा संकेत, लिहायचे असते. फाइल एका अक्षराने बदलली तरी हे मूल्य बदलते. त्यामुळे पोर्टलवर मावावी म्हणून व्हिडिओ किंवा पीडीएफ लहान केली आणि हॅश मात्र मूळ फाइलचा दिला, तर दोन्ही जुळणार नाहीत आणि उलटतपासणीत त्यावरच बोट ठेवले जाईल. मूळ फाइल जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर दाखल करावी, हॅश तिचाच द्यावा, आणि पोर्टलवर चढवलेली प्रत केवळ पाहण्यासाठी आहे असे कागदयादीत लिहावे.

सहीसाठी आधारवर आधारलेली ई-साइन किंवा डिजिटल सहीचे टोकन, असे दोन मार्ग आहेत. आधारला जोडलेला मोबाइल हातात नसेल तर ओटीपी येत नाही. ज्येष्ठ पक्षकारांचा क्रमांक पुष्कळदा बंद पडलेला असतो किंवा मुलाच्या नावावर असतो. हे शेवटच्या दिवशी कळून उपयोग नाही. वकीलपत्रावर सही घेतानाच विचारून घ्यावे.

आता दाखल विभागाच्या कामाबद्दल. तिथले लिपिक कष्टाळू आहेत. एकीकडे खिडकीवर कागद घेऊन उभी असलेली रांग आणि दुसरीकडे स्क्रीनवरची रांग, अशी दोन कामे त्याच माणसांच्या माथी आली आहेत. त्यांच्याविरुद्ध आमची तक्रार नाही. जिल्हा न्यायालय प्रशासनाने त्यांच्यासाठी आणि आमच्यासाठी काही गोष्टी ठरवून द्याव्यात, एवढीच मागणी आहे.

सर्वात निकडीची मागणी हरकतींची. हरकती सगळ्या एकदम, एकाच वेळी लेखी याव्यात. आज सूचीची हरकत, ती काढल्यावर उद्या पृष्ठांकनाची, परवा पत्त्याच्या पिनकोडची, असे तुकड्यातुकड्याने झाले तर प्रत्येक फेरीत काही दिवस जातात. छाननीची तपासयादी मराठीत छापून खिडकीजवळ लावली आणि लिपिकाने त्याच यादीवर खुणा करून ती परत पाठवली, तर हे टळेल. 'डॉक्युमेंट नॉट प्रॉपर' एवढ्या शेऱ्यावरून कोणता कागद आणि त्यात काय चुकले, हे कळत नाही. पान क्रमांक लिहिणे सक्तीचे करावे. त्याच जोडीला, स्वीकारण्या-नाकारण्याचा निर्णय किती कामकाजाच्या दिवसांत होईल ती मुदत जाहीर करावी, आणि दुरुस्तीसाठी परत गेलेल्या प्रकरणाच्या पोचेवर पहिल्या सादरीकरणाचा दिनांक ठळक छापावा. मुदतीचा वाद न्यायाधीशांनी ऐकायचा तो ऐकतीलच, पण निदान तारीख कोणती यावर तरी वाद राहणार नाही.

कागदी प्रतींचेही एकदा स्पष्ट ठरवावे. ऑनलाइन दाखल केल्यावर छापील संच कधी द्यायचा, क्रमांक पडण्याआधी की नंतर, किती प्रती, सह्या शाईच्या की ई-साइन चालेल, याचे एकच परिपत्रक जिल्ह्यातल्या सगळ्या न्यायालयांना लागू असावे. ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, बेलापूर, मुरबाड, शहापूर अशा सर्व ठिकाणी काम करणाऱ्या वकिलांच्या कारकुनाला प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी पाठ करावी लागू नये. मुरबाड-शहापूरच्या पक्षकाराला एका प्रतीसाठी पुन्हा फेरी पडली की त्याचा पूर्ण दिवसाचा रोजगार जातो.

संकेतस्थळ बंद पडले तर काय करायचे, हेही कुठेतरी लिहिलेले हवे. अशा दिवशी खिडकीवर कागदी स्वरूपात दाखल करून घ्यावे, तारीख-वेळेचा शिक्का मारावा, आणि ते नंतर अपलोड करायला ठरावीक दिवस द्यावेत. 'सर्व्हर डाउन आहे, उद्या या' हे उत्तर मुदतीच्या शेवटच्या दिवशी आलेल्या माणसाला देता येत नाही. मुदत कायद्याच्या कलम ४ मध्ये न्यायालय बंद असल्यास ते उघडेल त्या दिवशी दाखल करण्याची सोय आहे, पण न्यायालय उघडे आणि संकेतस्थळ बंद, या परिस्थितीचा खुलासा फलकावर लागायला हवा. तोवर पक्षकारांनी त्रुटीच्या संदेशाचा वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा आणि त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन आवक क्रमांक घ्यावा.

ई-सेवा केंद्रे या सगळ्यावरचा चांगला उपाय आहेत. वकील न लावता स्वतः खटला चालवणाऱ्या माणसाला तिथे खटल्याची स्थिती पाहणे, ई-फायलिंग, नकलेचा अर्ज यांसाठी मदत मिळायची सोय आहे. परंतु एका खोलीत एक संगणक, काचेवर एकेक पान ठेवावे लागणारा स्कॅनर आणि एक कर्मचारी, एवढ्यावर दीडशे पानांचा दावा चढवायचा तर अर्धा दिवस जातो. पाने आपोआप ओढणारा स्कॅनर, दुसरी खुर्ची आणि केंद्राच्या दारावर मराठीत सेवांची यादी, एवढे तरी द्यावे. अनेकांना असे केंद्र आहे हेच माहीत नसते. ते बाहेर पैसे मोजून तेच काम करून घेतात.

नकलांबद्दल थोडक्यात: ईकोर्ट्सच्या संकेतस्थळावरून उतरवलेला निकाल ही प्रमाणित नक्कल नव्हे. अपिलासाठी नकलेचा अर्ज निकालानंतर लगेच करावा. मुदत मोजताना अर्जापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस वगळले जातात. तयार झालेली नक्कल न्यायला केलेला उशीर वगळला जात नाही. नक्कल विभागाने 'तयार' असा एसएमएस पाठवायची सोय केली तर कितीतरी अपिले मुदतीत बसतील.

येत्या काळात खिडक्या कमी होऊन स्क्रीन वाढणार, हे उघड आहे. त्या बदलात वकिलांच्या कारकुनांना डावलू नये. हरकत कशी काढायची, नाझर (न्यायालयाचे पैसे आणि समन्स सांभाळणाऱ्या) विभागात काय द्यायचे, समन्सचा भत्ता कधी भरायचा, हे ज्ञान आज त्यांच्याकडे आहे. त्यांना पोर्टलचे रीतसर प्रशिक्षण द्यावे. तपासयादीच्या मराठी मसुद्यासाठी जिल्हा न्यायालय प्रशासनाने वकील संघाचे दोन आणि कारकुनांचे दोन प्रतिनिधी बोलावले, तर आम्ही आमच्याकडच्या परत आलेल्या प्रकरणांचे शेरे गोळा करून, वर्गवारी करून द्यायला तयार आहोत.

आपले,
ठाणे व बेलापूर येथील न्यायालयांत काम करणारे काही वकील आणि वकिलांचे कारकून